माऊसच्या पोटातलं कुंकू

पूजेत हात न जोडणं किती महाग पडते, हे मले इचारा. वाशीमच्या आमच्या हापिसात कॉम्प्युटरवर नवी सिस्टम टाकली, त हेडक्लार्क बडेबाबूनं त्याची पूजा मांडली. टेबलावर, माऊसवर, जिथं तिथं कुंकू वाह्यलं. मी बाजूले उभा राह्यलो. आमच्या आज्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तवापासून आमच्या घरात कुंकू नाही, हे साऱ्याईले ठाऊक.

दुसऱ्या दिवशी माऊस हातात घेतला, त पडद्यावरचा बाण बेडकावानी उड्या मारे. सिस्टम पुन्हा टाकून पाह्यली, तरी तेच. बडेबाबू साऱ्याईसमोर म्हणे, "कसा चालन? तुमी हात कुठी जोडले?"

मी म्हटलं, "बाबू, माऊसले माही जात समजते काय?"

सारे हसले. मले काही हसू आलं नाही.

मंग अकोल्याहून मेकॅनिक आला. त्यानं माऊस उलटा केला, त खालच्या लाल लाइटच्या भोकात कुंकू गच्च बसलेलं. "हे कोणं भरलं?" तो म्हणे. त्यानं कापसानं पुसलं अन् बाण सरळ चालाले लागला.

मले वाटलं, बडेबाबू आता काही बोलन. त्यानं चहा मागवला, मेकॅनिकसाठी.

पुढं नवा प्रिंटर आला. बडेबाबू नारळ घेऊन माह्यापाशी आला. "या खेपेले तुमीच फोडा, म्हणजे कटकट नाही."

मी म्हटलं, "तुमीच फोडा, बाबू. बिघडला त तुमाले बोट दाखवाले मी हावोच."