तिसरं पांढरं पीस

मंडळी, ऐका. जरा सरसावून बसा. आख्यानाला हात घालायच्या आधी मला एक सांगा — दुसऱ्याची खोट आपल्याला वीस हातांवरून दिसते. बरोबर? आणि आपली खोट? ती तर नाकासमोर असते! मग ती दिसत नाही, की दिसते आणि आपण तिच्यावर हळूच रंग मारतो?

थांबा, थांबा, लगेच माना डोलवू नका! कारण मान डोलवणारं एक पाखरूच आज मी तुमच्यापुढं आणलंय. कबुतर आहे. जात मुखी. उभं राहिलं की छाती पुढं, मान मागं, आणि ती मान सारखी थरथरत असते. कीर्तनात पहिल्या ओळीत बसणाऱ्या माणसासारखं — समजो न समजो, मान चालू!

हसलात ना? हसा. तर कृष्णेच्या काठी एक पेठ आहे. नाव सांगत नाही, कारण तिथले दोघं-तिघं इथं मांडवात बसलेत. त्या पेठेत नारबा रंगारी राहायचा. बापजाद्यांचा धंदा कापड रंगवायचा. दारात रांजण, दोरीवर लुगडी, आणि माणसाचे हात कोपरापर्यंत कधी निळे, कधी तांबडे. पण जीव कुठं? जीव माडीवरच्या खुराड्यात! सोळा मुखी पाळलेल्या. सकाळी देवाला फूल नंतर, कबुतरांना जोंधळा आधी. पांडुरंगाला चालायचं हो, सगुणाबाईंना चालायचं नाही. सगुणाबाई म्हणजे नारबाची बायको, पुढं येणार आहेत, लक्षात ठेवा.

आता त्या पेठेत दरवर्षी माघात कबुतरांचं प्रदर्शन भरायचं. म्हणाल, कबुतरांचं कसलं प्रदर्शन? मीही असाच हसलो होतो. पण अहो, तिथले नियम ऐकले आणि माझी बोलतीच बंद झाली. मुखी काळी असेल तर डोकं पांढरं हवं. किती पांढरं? तर चोचीपासून निघालेली रेघ डोळ्याच्या खालून सरळ मागच्या तुऱ्यापर्यंत जायला हवी. रेघेच्या वर सगळं पांढरं, खाली सगळं काळं. वरची चोच पांढरी, खालची चोच काळी. आणि पंखाच्या टोकाची दोन पिसं पांढरी. दोन म्हणजे दोनच, दोन्ही बाजूंना दोन-दोन. आपल्या मुलीला स्थळ बघताना आपण इतकं बघत नाही!

हे सगळं बघायला एकच माणूस. मकबूलचाचा. वय पंच्याहत्तर, हातात वेताची बारीक छडी. छडीनं पाखराला हळूच शिवायचं, पाखरू नीट उभं राहिलं की पंख उघडून पिसं मोजायची. तीस वर्षं चाचांनी निवाडा केला आणि तीस वर्षं कुणी ब्र काढला नाही. पण त्या साली चाचा म्हणाले, "आता नजर थकली. यंदाचं शेवटचं. ज्याची मुखी पहिली येईल, त्याच्या हातात ही छडी देणार. ज्यानं चांगलं पाखरू घडवलं, त्यालाच पाखरू कळतं."

झालं! नारबाची झोप उडाली. कारण मंडळी, एकोणीस वर्षं तो पाखरं मांडत होता आणि पहिला नंबर एकदाही नाही. आणि ती छडी आपल्या हातात असावी असं त्याला आतून, अगदी पोटातून वाटत होतं. का वाटू नये? त्याच्याइतकी नजर पेठेत कुणाची नव्हती. पण ती नजर कशी? नुसती खोट काढणारी! कुणाच्या माडीवर गेला की चहा यायच्या आत सुरू — "याची रेघ वाकडी. त्याचा तुरा बसका. ह्याला काळं म्हणता? हे तर करपलेलं." वसंता थोरबोले म्हणून एक पिठाच्या गिरणीवाला होता, त्याच्या मुखीला तर नारबा चारचौघांत म्हणाला, "पाखरू बरं आहे, पण पीठ झटकून आणा." वसंता बिचारा हसला. पण लागलंच असेल हो. आपल्या लाडक्याला कुणी नावं ठेवली की कुणाला लागत नाही?

आता ह्या नारबाकडं त्या साली एक नर तयार झाला होता. नाव ठेवलं होतं सावळ्या. पिल्लू असताना त्याची आई गेली, तेव्हा नारबानं भिजवलेली डाळ स्वतःच्या तोंडात मऊ करून त्याला भरवली होती. आणि पाखरू काय झालं म्हणता! रेघ अशी, की सुतारानं दोरी लावून मारावी. काळा रंग कसा, तर उन्हात बघत राहावा असा. उजव्या पंखात दोन पांढरी पिसं. डाव्या पंखात —

किती? बोला की!

तीन.

एक पीस जास्त, मंडळी! फक्त एक. नारबानं रोज पंख उघडून मोजलं. तीन. पुन्हा मोजलं. तीनच! तुम्ही म्हणाल, उपटून टाकावं. तसं चालत नाही. पंख उघडला की पडलेल्या दातासारखी फट दिसते, चाचांनी ती बरोबर हेरली असती. मग?

मग काय! घर कुणाचं? रंगाऱ्याचं! हिरड्याचं पाणी घरात, लोखंडाच्या गंजाचा काट घरात. दोन्ही एकत्र आले की असा काळा चढतो, की कापड फाटेल पण रंग जाणार नाही. नियम नारबाला पाठ होता. रंगवलेलं पाखरू बाद, आणि मालकाला तीन वर्षं पाखरू मांडायला बंदी. पण मनाला कसं समजावतो आपण? "एक पीस तर आहे. बाकीचं पाखरू खरंच आहे ना!" असंच म्हणतो ना आपण? केस काळे करून इथं बसलेली जी मंडळी आहेत, त्यांच्याकडं मी बघत नाहीये. त्यांनीही माझ्याकडं बघू नये. आमच्या टोपीखाली काय आहे ते आम्हालाच ठाऊक!

तर प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी नारबानं ते तिसरं पीस बोटांत धरून रंगवलं. बाजूच्या पिसाशी असं मिळालं, की स्वतः रंगवणाऱ्याला ओळखू येईना. नारबा खूश. पण खुराड्यातून सावळ्याची मादी सारखी हाका मारायला लागली. नारबाचा जीव विरघळला. रंग अजून ओला, हे ज्याला कळायला हवं तो रंगारीच, आणि त्यानंच नराला मादीजवळ सोडलं! आणि खाली येऊन घोटभर चहा घेतला.

आता कबुतरांचा संसार तुम्हाला सांगायला हवा. नर घरी आला की मादी काय करते? आधी त्याचा पंख चोचीनं नीट करते. पीसन् पीस! मग त्याची मान खाली वाकवते आणि डोक्यात चोच घालून उवा बघितल्यासारखं विंचरते. केवढं प्रेम! नारबा चहा पिऊन वर जातो तो काय — सावळ्याच्या त्या दुधासारख्या टोपीवर काळे ठिपके! मोजले. एकोणीस. अरे, एक पीस लपवायला गेला, त्याचे एकोणीस डाग झाले!

"अगं सगुणा, धाव!"

सगुणाबाई आल्या. पाखराकडं बघितलं, नवऱ्याच्या बोटांकडं बघितलं. सगळं समजलं. मंडळी, बायकांना समजायला किती वेळ लागतो? पदर तोंडाला लावून त्या हसायला लागल्या.

"हसतेस काय? रिठे आण."

रिठ्याच्या पाण्यानं धुतलं. घासलं. पुन्हा धुतलं. रंगाऱ्याचा रंग तो! गेला नाही, पसरला. एकोणीस डाग होते त्यांचा एकच डाग झाला. सगळं डोकं पावसाळी ढगासारखं राखाडी-निळं! आणि सावळ्या? तो मान थरथरवत ऐटीत उभा. त्याला काय ठाऊक?

नारबा मटकन खाली बसला. "मी नाही जात उद्या. तोंड दाखवायला जागा राहिली नाही."

तेव्हा सगुणाबाई हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, "आवं, एकोणीस वर्सं तुमी जगाच्या पाखरांच्या खोडी काढल्या. लोकांनी ऐकून घेतलं, दुसऱ्या वर्सी पुन्ना पाखरं घेऊन आली. तुमाला एक दिवस सोसंना व्हय? आन् ह्या मुक्या जिवाला कशापायी लपवताय? त्यानं काय केलंय?"

काय बोलली बाई! माझ्यासारखे बुवा तासभर बोलतात, तेव्हा कुठं एवढं निघतं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मांडव भरला. पिंजऱ्यांच्या रांगा, माणसांची ही गर्दी. आणि त्यात निळ्या डोक्याची मुखी! लोक पोट धरून हसले. एक म्हणाला, "नारबा, नवी जात काढली का?" दुसरा म्हणाला, "ह्याची रेघ बघा, रेघ!" नारबाचेच शब्द नारबाला परत मिळत होते, चांगले व्याजासकट. तो मान खाली घालून उभा राहिला, पण राहिला.

एवढ्यात चाचा आले. गर्दीनं वाट दिली. चाचांनी सावळ्याला पिंजऱ्यातून काढलं, हातावर घेतलं. आणि हसले नाहीत, मंडळी! खांद्यावरच्या उपरण्याचं टोक पाण्यात भिजवलं, त्या पाखराचं डोकं हळूहळू पुसत म्हणाले, "रंगाऱ्याच्या घरचं पाखरू. रांजणात पडलं असेल. काय रे नारबा, पडलं ना?"

नारबाची नजर पाखरावर. चाचाच पुढं म्हणाले,

"पडलेल्याचा गुन्हा धरायचा नसतो. डोकं आज निळं असलं तरी रेघ मला दिसतेय. अशी रेघ तीस वर्षांत पाहिली नाही. आता पंख तेवढे मोजतो."

ऐकलंत का? आपण संकटात देवाचा धावा करतो, आणि इथं सबब स्वतः चालत आली, तीही चाचांच्या तोंडून! नारबानं एकच शब्द बोलायचा होता — "हो." मग चाचा मोजणार — उजवा पंख, दोन पांढरी पिसं. डावा पंख, दोन पांढरी पिसं, तिसरं काळं कुळकुळीत! पहिला नंबर, तांबडी फीत, वेताची छडी. एकोणीस वर्षांचा भुकेला माणूस, आणि घास ओठाशी!

तुम्ही काय केलं असतंत? मोठ्यानं सांगू नका. मनात सांगा.

नारबानं चाचांच्या हाताकडं बघितलं. म्हातारा हात, ओलं उपरणं, आणि पाखराला दुखू नये म्हणून केवढी ती काळजी. आपण ह्याच पाखराला तोंडातली डाळ भरवली आणि त्याच्याच पिसाची आपल्याला लाज वाटली! नारबाला भरून आलं. पुढं होऊन म्हणाला,

"चाचा, पडलं नाही ते. मी रंगवलं."

"डोकं?"

"डोकं नाही. डाव्या पंखातलं तिसरं पीस. ते पांढरं आहे. डोक्याला त्याच्या मादीनं लावलं."

मांडवात असा हशा उठला, की पिंजऱ्यातली पाखरं फडफडली! चाचासुद्धा हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. नारबाही हसायला लागला. पाठीवरची ओली गोणी उतरल्यासारखं हलकं वाटलं त्याला.

मग चाचांनी चेहरा सरळ केला. "नियम म्हणजे नियम. पाखरू बाद. मालकाला तीन वर्षं बंदी."

"कबूल," नारबा म्हणाला.

पहिला नंबर कुणाचा आला? वसंता थोरबोलेचा. चाचांनी फीत बांधली आणि छडी पुढं केली. वसंता दोन पावलं मागं सरला. "चाचा, छडी घेतली की स्वतःचं पाखरू मांडता येत नाही ना?"

"नाही येत. जजाचं पाखरू प्रदर्शनात नसतं."

"मग नको. मला पाखरं मांडायची आहेत, अजून वीस वर्षं मांडायची आहेत."

आता आली का पंचाईत! चाचांनी मांडवभर नजर फिरवली. ती येऊन थांबली निळ्या डोक्याच्या पाखराजवळ उभ्या असलेल्या माणसावर.

"नारबा, तुला तीन वर्षं पाखरू मांडता येत नाही. जजालाही मांडता येत नाही. मग तू तीन वर्षं रिकामा बसून काय करणार?"

"चाचा, थट्टा करू नका. मी चोरी केली."

"केलीस. आणि मी दार उघडून दिलं होतं, तरी पळाला नाहीस. नजर तुझी आधीपासून होती, बाबा. मी वाट बघत होतो ती ह्याची." आणि छडी नारबाच्या काळ्या पडलेल्या बोटांत ठेवली. वसंता सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवायला लागला. पीठ झटकून आणा म्हणालेला ना नारबा? तोच वसंता!

यंदा जन्मलेल्या लहान कबुतरांची वेगळी रांग अजून तपासायची राहिली होती. चाचा म्हणाले, "चल, सुरू कर." पहिलाच पिंजरा. एक पोरगेली बाई, पहिल्यांदाच पाखरू घेऊन आलेली, भीतीनं हात चोळत उभी. नारबानं पंख उघडला. एका बाजूला चार पांढरी! रेघ वाकडी, तुरा बसका. तोंडाशी शब्द आले सगळे. पण त्यानं पंख हलकेच मिटला आणि म्हणाला, "बाई, ह्याच्या मानेची थरथर फार सुंदर आहे. पिसांचं मग बघू. खायला काय घालता?"

विठ्ठल, विठ्ठल!

मंडळी, हे कबुतरांचं झालं. आता तुमचं बोलू. प्रत्येकाच्या डाव्या पंखात एक तिसरं पीस असतं. माझ्याही आहे; मघाशी ताल चुकला तो मृदंगवाल्यांमुळं असं मी डोळ्यांनी दाखवलं, चुकलो मीच होतो! घरी जाऊन सुनेच्या आमटीत मीठ कमी सापडेल, मुलाच्या अक्षरात चुका सापडतील, भावाच्या वाटणीत खोट सापडेल. सापडू द्या. पण बोलायच्या आधी आपली बोटं बघा, रंग लागलाय का. आणि आत्ता आरतीला उभे राहाल तेव्हा पंख मिटून उभे राहू नका. समोर कमरेवर हात ठेवून जो उभा आहे, तो पिसं मोजायला आलेला नाही. उपरण्याचं टोक भिजवून तो केव्हाचा विचारतोय — काय रे, पडलास ना? त्याला खरं काय ते सांगून टाका.