वेणूकाकूंची डावी कंबर

मंडळी, ऐका! माणसाला सगळ्यात प्यारा कोण? जीव! मान डोलावलीत ना? खरंच? बघू हं!

पिंपळदऱ्याच्या वेणूकाकू. घर भरलेलं, सून गुणी आणि किल्ल्यांचा भलामोठा जुडगा — काकूंच्या डाव्या कमरेला, लुगड्याच्या आत खोचलेला! सून साखर मागायची, काकू उठायच्या, कपाट उघडायच्या, वाटीभर मोजायच्या, पुन्हा कुलूप! हसताय काय? तुमच्या घरी निराळं आहे?

एकदा देवळाच्या पटांगणात आले धोंडगे साहेब. टाय लावलेले! विकत होते चुंबकाचे पट्टे. म्हणे, "रक्तात लोह असतं. चुंबक ते ओढतो, रोग पळतो!" अहो, दवाखान्यातल्या त्या एमआरआय मशीनमध्ये केवढा चुंबक! रक्त असं ओढलं जात असतं, तर माणूस आत भिंतीलाच चिकटला असता की!

पण काकू पुढे झाल्या. म्हणाल्या, "बीपीच्या गोळ्या चालू आहेत, बघा हो जरा!" साहेबांनी दोरीला बांधलेला चुंबक अंगाजवळून फिरवला. डोकं — काही नाही. छाती — काही नाही. डावी कंबर — टक्! चिकटला!

"मावशी, मूत्रपिंडात दोष! बीपीच्या गोळ्या बंद करा, हा पट्टा बांधा!"

काकू पांढऱ्याफटक! सून सुलभा हळूच म्हणाली, "आत्याबाई, किल्ल्या काढून पुन्हा बघू या ना."

"किल्ल्या? आणि देऊ कुणाकडे? तुझ्याकडे? बरी टपून बसली आहेस!"

बघा मंडळी! आजार पत्करला, पण जुडगा सोडला नाही! पट्टा बांधला, गोळ्या बंद. आणि एका सकाळी तुळशीला पाणी घालता घालता काकू धाडकन खाली! सुलभानं आरडाओरडा केला, जीपमध्ये घातलं, तालुक्याला नेलं. बीपी आभाळाला भिडलेलं! डॉक्टर ओरडले, "गोळ्या का सोडल्या? थोडक्यात वाचलात! मूत्रपिंडं ठणठणीत आहेत तुमची!"

काकू घरी आल्या. रात्रंदिवस उशाशी बसलेल्या सुनेकडे बघत राहिल्या. डोळे भरले. स्वतःच्या हातानं जुडगा काढला. "धर गं. खोच कमरेला. आणि तो पट्टा आण."

पट्टा काकूंच्या कमरेला लावला — काही नाही! सुलभाच्या कमरेशी नेला — टक्!

"अगं बाई!" काकू किंचाळल्या, "तो दोष तुझ्या मूत्रपिंडात गेला की गं!"

आणि मग दोघी अशा हसल्या, अशा हसल्या, की शेजारीण धावत आली!

चुंबकाला रोग कळत नाही हो, लोखंड कळतं. पण काकूंचा खरा आजार त्या डाव्या कमरेलाच होता. धोंडगे जन्मात एकदा खरं बोलला, तेही त्याला न कळता!

आता सांगा, जीव प्यारा? मग आपापली कंबर चाचपा! कुणाची किल्ली, कुणाचा हेका, कुणाचं जुनं भांडण — काय खोचून ठेवलंय घट्ट धरून? सोडा ते! टाळी एका हातानं वाजत नाही, बाबांनो. दोन्ही हात मोकळे करा... हं, आता घ्या नाम!