डिस्कचं दार

मेहुणी : पुन्हा सांगा, दाजी. नीट ऐकू दे मला. सर्व्हरचं ‘डेव्ह’ फोल्डर तुम्ही जसंच्या तसं प्रत्येक साइटच्या खोलीत कॉपी केलंत?

दाजी : गिऱ्हाइकांच्या चाळीस साइट आहेत आपल्या सर्व्हरवर. एकेकीला काय हवं, काय नको, बघत बसू?

मेहुणी : बघायचंय काय त्यात? बंद खोलीत साइट ठेवतो ती शेजारची दिसू नये म्हणून. आत डिव्हाइस फाइली लागतात दोन-चार. नको ते टाकायला नल, आकडे काढायला रँडम, असल्या. तुम्ही आख्ख्या डिस्कची फाइल आत नेऊन ठेवलीत! ती उघडली की सर्व्हरवरचं सगळ्यांचं सगळं वाचता येतं. वर वाचायची परवानगीही सगळ्यांना मोकळी!

दाजी : एरर येत होता.

मेहुणी : मग कुलूपच काढलंत. वा! म्हणे मालक.

दाजी : अक्कल पाजळू नकोस. फाइली काढल्यास ना? मिटलं. आता त्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्याची साइट बंद कर. आपल्याच डिस्कमध्ये डोकावतो आणि वर फोन करून सांगतो!

मेहुणी : त्यानं सांगितलं म्हणून कळलं. तुम्हाला जन्मात कळलं नसतं. आता सगळ्यांना फोन करायचेत. आधी दवाखान्याला, पेशंटांच्या नोंदी आहेत त्यांच्या साइटवर.

दाजी : डोकं फिरलंय का? एक गिऱ्हाईक राहणार नाही. आणि वाचणार कोण? तो शिंपी? ती पाळणाघरवाली? स्वतःचा पासवर्ड आठवत नाही त्यांना.

मेहुणी : त्यांच्या साइटी बनवणाऱ्यांना आठवतो.

दाजी : दवाखान्यात तरी असतं काय एवढं? सर्दी, खोकला, पोटदुखी. कोण चवीनं वाचणारेय?

मेहुणी : ताई तिथं सर्दीसाठी जाते?

(दाजी खुर्चीतून उठतात, पुन्हा बसतात.)

दाजी : तिचं... तेही त्याच डिस्कवर?

मेहुणी : मग काय, मालकिणीसाठी वेगळी डिस्क ठेवलीय?

दाजी : डॉक्टर म्हणाले होते, बाहेर जाणार नाही. आईलासुद्धा सांगितलं नाही गं आम्ही.

मेहुणी : माहितेय. माझ्याकडे येऊनच रडली ती.

दाजी : कुणी वाचलं असेल का?

मेहुणी : सांगता येत नाही.

दाजी : असं कसं सांगता येत नाही?

मेहुणी : हेच विचारणार आहेत सगळे तुम्हाला. घ्या, दवाखान्याला रिंग जातेय.