शुभाच्या सुतकात मुंबईला जाताना

मागे उभे आहात ते पुढे या हो, सतरंजीवर जागा आहे. शाळेतले सगळे शिक्षक आलात, टोकरखाड्यातले शेजारी आलात, खानवेलहून पालक बस पकडून आलात. शुभा असती तर तिनं आधी तुम्हाला पाणी विचारलं असतं. मला तेही सुचत नाहीये. बोलायची ती. मी तिची वहिनी, मागे उभी राहून मान डोलावणारी. आज मलाच बोलायचंय, आणि भराभर बोलायचंय, कारण इथून मला लगेच निघायचंय. कुठे, ते सांगतेच.

सोमवारी तास संपवून शुभा स्टाफरूममध्ये खुर्चीत बसली आणि बसल्या बसल्या गेली. हृदय बंद पडलं. त्रेचाळीस हे काय जायचं वय आहे?

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक नसेल. शाळेत असताना शुभाला रक्ताचा कॅन्सर झाला होता. मुंबईला उपचार झाले, बरी झाली, धुळ्याच्या घरी पेढे वाटले. सगळ्यांना वाटलं, सुटलो. मग चोविसाव्या वर्षी तिची पाळी थांबली. काय काय नाही केलं! काढे झाले, उपास झाले. कुणी म्हणालं वजन वाढव, कुणी म्हणालं कमी कर. शेवटी एका लेडी डॉक्टरनी तपासून सांगितलं, ओव्हरीचं काम संपलंय. कॅन्सरच्या औषधांमुळे. असं होऊ शकतं, हे तोवर कुणीच आम्हाला सांगितलं नव्हतं.

हो, पुरुष मंडळी बसलीयेत, दिसतंय मला. तरी बोलणार. पाळीला पाळी नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

तिला बघायला मंडळी आली, तेव्हा तिनं आपण होऊन सगळं सांगून टाकलं. मंडळी उठली. पोहे मात्र दोन-दोन बशा खाऊन उठली! मी स्वयंपाकघरात रडत होते. ही आत आली आणि म्हणते कशी, "वहिनी, कढई तर रिकामी झाली ना!" अशी होती ती. पण पुढे कितीतरी दिवस धड जेवली नाही, तेही मी पाहिलंय.

आता माझ्या लेकीचं, केतकीचं सांगते. ती समोर बसलीये, मास्क लावून. तिला विचारूनच बोलतेय. गेल्या महिन्यात तिच्या मानेला गाठ आली. कॅन्सर निघाला. बरा होणारा आहे, असं डॉक्टर पुन्हा पुन्हा म्हणाले. आम्ही दोघं नवरा-बायको एकच धोशा लावून बसलो, औषध कधी सुरू करता, कधी सुरू करता. शुभा एकटी म्हणाली, "थांबा. तिच्या ओव्हरीचं काय?" आणि त्या अनोळखी डॉक्टरांसमोर तिनं स्वतःचं सगळं मांडलं.

डॉक्टरांनी समजावलं, ते मला कळलं तसं सांगते. तेच औषध दोन मुलींना दिलं, तर एकीची पाळी पुढे वर्षानुवर्षं नीट चालते, दुसरीची तिशीच्या आत थांबते. कोणतं औषध, किती दिलं, हे तर आहेच. पण काही जणींच्या मुळातल्या घडणीतच, आईबापांकडून आलेल्या जनुकांतच, असं काही असतं की ओव्हरी लवकर थकते. शुभाचं तसं होतं का? असेल. केतकीत ते उतरलंय का? असेल, नसेलही. सख्खी आत्या ती. केतकीचं नाक आत्याचं, राग आत्याचा, गणित आत्याचं. आता हेही घेतलंस का गं बाई तिचं? रक्त तपासूनही ठाम कुणी सांगत नाही. शुभाचं हृदय त्या औषधांनीच थकलं होतं का, तेही ती गेल्यावर फोन करून विचारलं. सांगता येत नाही म्हणाले. हे असेल-नसेल मला खातंय हो.

उपाय एक आहे. औषध सुरू होण्याआधी दहा-बारा दिवस इंजेक्शनं देऊन स्त्रीबीजं काढायची आणि गोठवून ठेवायची. पुढे मूल होईलच, असं नाही. पण वाट उघडी राहते. कॅन्सरच्या डॉक्टरांनी त्यासाठी जेमतेम दोन आठवडे दिलेत. मुंबईची वेळ शुभानंच फोन करून घेतली होती. उद्या सकाळची. तीच बरोबर येणार होती.

अण्णाकाका, तुम्ही आमच्या घरातले मोठे, धुळ्याहून धावत आलात. काल म्हणालात, "आजारासाठी जा, कोण अडवतंय? पण मूलबाळाचं शुभकार्य सुतकात? तेरावा होऊ दे, मग खुशाल जा." पाया पडते तुमच्या, काका. पण तेरावा होईतो हे दिवस हातातून गेलेले असतील. मग काय काढणार आणि काय गोठवणार? आणि कसलं हो शुभकार्य? पोरीच्या पोटात सुया टोचायच्यात. मांडव नाही घालायचा!

शेजारच्या हंसाबेन मायेनं म्हणाल्या, "छोकरीनी वात बहार ना काढो." पोरीची गोष्ट बाहेर काढू नका म्हणून. लग्न कसं जमेल, याची काळजी त्यांना. मला नाही का? मला सगळ्याचीच भीती वाटते. सुतक मोडण्याची वाटते. उशीर होण्याची त्याहून जास्त वाटते. बीजं मिळालीच नाहीत तर? इंजेक्शननं भलतंच काही झालं तर? डॉक्टर भराभर बोलतील, तेव्हा काय विचारायचं ते मला सुचेल का? विचारायची ती शुभा.

रविवारी भाजी निवडताना ती मला म्हणाली, "वहिनी, मला कुणी विचारलंच नव्हतं गं. मूल हवं की नको, ते मी ठरवलं असतं. पण विचारलंच नाही कुणी. हिला विचारा." मी विचारलं. काल, सगळे पाहुणे घरात असताना, मोरीत नेऊन विचारलं. केतकी म्हणाली, "आई, मला जायचंय."

केतकीचे बाबा इथे थांबतील, बहिणीचे दिवस करतील. आम्ही दोघी निघतोय. तेराव्याला मी वाढायला नसेन. ज्यांना नावं ठेवायची, त्यांनी ठेवा.

शुभा, हात जोडतेय तुला. सांभाळून घे.

आता सगळे उभे राहा. शुभासाठी थोडा वेळ काही न बोलता उभे राहा, तेवढ्यात आम्ही बाहेर पडतो. केतकीला कुणी जवळ घेऊ नका, सर्दी जरी झाली तरी सगळं लांबेल. कुणी रडू नका, कुणी हाक मारू नका. काका, तुम्हीसुद्धा उठा.

केतकी, चप्पल घाल.