एक ‘टू’ जास्त

मुलगी : अगं पण कागदावर सही तुझीच आहे ना, आई!

आई : सही माझी, इंग्रजी तुझं. वाच मोठ्यानं.

मुलगी : ‘आय वाँट टू लीव्ह फ्रॉम मंडे.’ बरोबर तर आहे! लीव्ह म्हणजे रजा. गुडघ्यासाठी आठ दिवस.

आई : सुपरवायझरबाईंनी बोलावून विचारलं, अकरा वर्षं हॉस्पिटलच्या चादरींना इस्त्री केलीस, आता एकदम नोकरी का सोडतेस?

मुलगी : सोडतेस? थांब हं. आय वाँट लीव्ह... आय वाँट टू... अगं आई गं!

आई : आता काय?

मुलगी : तो ‘टू’! तो घातला की लीव्ह म्हणजे सोडून जाणं. काढला की रजा.

आई : टू म्हणजे दोन ना? मला वाटलं, आठाऐवजी दोनच दिवस मागितलेस.

मुलगी : हा टू वेगळा. तो नसला तर वाक्य लंगडं वाटत होतं मला.

आई : लंगडी मी होते बये, वाक्य नव्हतं.

मुलगी : इंग्रजीत मला पंचवीसपैकी तेवीस आहेत, माहितीये ना?

आई : उरलेले दोन कुठे गेले ते आज कळलं.

मुलगी : आई!... खरंच गेली का गं नोकरी?

आई : अजून नाही. कागद परत दिलाय. उद्या आठच्या आत दुसरा नेऊन द्यायचा. नाहीतर सोमवारी माझ्या टेबलाशी नवी बाई.

मुलगी : मग तू तिथेच सांगायचंस ना, मला सोडायचं नाहीये म्हणून!

आई : सांगितलं.

मुलगी : लगेच?

आई : आधी जरा स्टुलावर बसले. मग सांगितलं.

मुलगी : आत्ता लिहिते. एकदम साधं. या लीव्हचा काही नेम नाही बाई! रजा म्हणजे लीव्ह, सोडणं म्हणजे लीव्ह, झाडाची पानं म्हणजे लीव्ह्ज. आणि ‘लीव्ह इट’ म्हटलं की, राहू दे!

आई : एवढ्याशा शब्दाला किती कामाला लावलंय.

(मुलगी वहीतलं कोरं पान काढून लिहिते.)

मुलगी : झालं! ‘आय वाँट लीव्ह फॉर एट डेज.’ तीनदा तपासलं. घे, कर सही.

आई : तू जा, आधी चहा टाक. आणि ती उशी दे इकडे, पाय वर घेते.

मुलगी : आणि हा जुना? फाडून टाकू?

आई : ‘टू’वाला?

मुलगी : हो.

आई : राहू दे. चहा होईपर्यंत राहू दे.