फोटोपुरतं धडधाकट

—मोठ्यानंच वाचते, म्हणजे काय लिहून आणलंयस ते तुलाही कळेल. विषय: माझ्या मुलास पोषण-आहाराची पाकिटं पुन्हा सुरू करण्याबाबत. संदर्भ: दंडाचा घेर मोजायची पट्टी परत लाल आली. कुणी लिहून दिलं, दिरानं? तरीच. त्याला म्हणावं, 'पुन्हा' हा शब्द खोड. आमच्या केंद्रात पुन्हा नसतं. तुझं मूल बरं झालंय — आमच्या लेखी. जरा मागं वळून बघ, भिंतीवरच्या पोस्टरात कोण आहे? तूच ना? मांडीवर हाच, गाल कसे टम्म, हातात अंडं. आणि खाली काय छापलंय? वाचता येत नाही, बरं, मी वाचते — 'शिकलेली आई, धडधाकट बाळ.' उद्या पाहुणे यायचेत ते हेच बघायला, आणि तू हा काडीपैलवान घेऊन दारात उभी. रडत नाही हे एक बरंय. रडायलाही अंगात जोर लागतो म्हणा.

आता सांग, वर्गात मी काय शिकवलं होतं? नको, मीच सांगते, तुझ्या तोंडून निघेपर्यंत संध्याकाळ होईल. डाळ घट्ट, वर चमचाभर तेल, थोडं थोडं पण दिवसातून चार-पाच वेळा, हात धुऊन. आणि तू काय पाजतेस? वरचं पाणी. का, तर सासू म्हणते पचायला हलकं. झालं ना पोर हलकं? मग खालची डाळ जाते कुठे — नवऱ्याच्या ताटात. तो ओझी उचलतो, हो गं, माहीत आहे, सगळ्यांचेच उचलतात. आणि तेल महाग झालंय हे मला सांगू नकोस. तेल स्वस्त करणं माझ्या कामात येत नाही. माझं काम शिकवणं, ते मी केलं. पालथ्या घड्यावर पाणी, पण ओतलं.

तेव्हा मग हा कसा सुधारला, म्हणतेस? माझ्या शिकवण्यानं, आणखी कशानं — का, हसायला काय झालं? बरं, हस. तुला रोज दुप्पट पाकिटं मिळत होती तेव्हा नाही विचारलंस, ताई, का म्हणून. वरून निरोप होता, फोटोपुरतं एक तरी मूल नीट दिसू दे. तुझा चेहरा फोटोत बरा येतो म्हणून तू. फोटो निघाला, पाकिटं थांबली. यात अन्याय तुझ्यावर कुठे झाला? झालाच असेल तर धोबिणीवर — तिच्या जुळ्यांच्या वाट्याची होती ती. तिला सांगितलं, माल आला नाही. आणि त्यातलं धाकटं तसंही राहणारं नव्हतंच, डॉक्टर म्हणालेच होते — म्हणजे म्हणाले नव्हते, पण इतकी वर्षं पोरं बघितल्यावर माणसाला कळतं.

अशी काय बघतेस? शेजारीण आहे तुझी, ठाऊक आहे मला. त्या धाकट्याला मसणात पोचवायला तूही गेली होतीस तिच्याबरोबर. मग जा, सांग तिला. आणि तिनं विचारलं, बाई, माझ्या लेकराचं खाणं गेलं कुणाच्या पोटात — तर काय करशील? आपल्या पोराकडे बोट दाखवशील?

नाही ना. तेच म्हणते मी.

ऊठ आता. त्याला नीट गुंडाळ, हातपाय दिसतात. मागच्या दारानं जा, पुढे खुर्च्या मांडतायत. उद्या मात्र ये — एकटीच ये, पोस्टरमधलीच साडी नेसून, आणि पाहुण्यांनी विचारलं बाळ कुठाय, तर सांग, खेळतंय.

अर्ज? राहू दे इथेच. आज सही होणार नाही, उद्याही नाही. पाहुणे गेले की वर पाठवीन, वरून काय येईल ते कळवू. तोवर अर्ज विचाराधीन आहे.