जप्तीला बोलावलेला टेम्पो

हसू नका, पण दावा जिंकूनही मी दोनदा हात हलवत परतलो होतो. मित्र दिनकरनं उसने पैसे बुडवलेले, आणि कोर्टाचा बेलिफ घेऊन उचगावला गेलं की त्याचा टेम्पो दारातून गायब! तिसऱ्यांदा म्हटलं, निदान फ्रिज-टीव्ही तरी उचलू. जप्तीचा माल न्यायला गाडी आपणच आणायची असते, म्हणून टेम्पो स्टँडवर फोन केला, "कोर्टाच्या दारात एक गाडी पाठवा."

गाडी आली. चालवायला खुद्द दिनकर!

"कुठं जायचं हाय, पावणं?" विचारता विचारता त्यानं मला पाहिलं.

"तुझ्याच घरी!" मी ओरडलोच.

"आता घरी कशाला?" बेलिफ म्हणाले. "किल्ली द्या."

दिनकरनं किल्ली दिली आणि माझ्यापुढं हात पसरला. "हितवर आल्याचं भाडं टाक की. आन् रोख! उधारी जमणार न्हाय!"